दोन दिवसांच्या मुक्कामाची शिदोरी

सावित्रीकाठच्या दासगाव परिसरात तंबूत मुक्काम करून महाडमार्गे रायगडावरील श्रीजगदीश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी सामान बेताचेच आणावे. अंथरूण-पांघरूण, सुती कपड्यांचा जादा जोड, विजेरी, पाण्याची बाटली, कोरडा शिधा, नित्याची औषधे व ओळखपत्र एवढे दोन दिवसांस पुरते. गडाच्या हजाराहून अधिक पायऱ्या चढताना खांद्यावर केवळ पाणी, खाऊ व औषधे असावीत.

पावसाळ्यात मात्र तंबू आणूच नये. जुलै २००५ मध्ये दासगावात आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातीलच तळिये येथे दरडी कोसळून अनेकांनी प्राण गमावले. त्या दिवसांत डोंगरउतार व नदीकाठ टाळून सुरक्षित जागी, पक्क्या निवाऱ्यातच मुक्काम करावा.