धरलेल्या माशांची खरी गणती

शास्त्रपाठ : योहान २१:१–१४. सोबत वाचावें : लूक ५:१–११, प्रेषितांचीं कृत्यें ५:१–११.

हदगांव तालुक्याच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. तिच्या कांठच्या गांवांतील बंधुभगिनींस जाळें म्हणजे काय हें समजावून सांगावयास नको. भोई बांधव पहाटे जाळीं काढितात तेव्हां कांठावरचा मनुष्य पहिला प्रश्न हाच करितो कीं, आज काय लागलें? तिबिर्याच्या समुद्राकांठीं प्रभूनें हाच प्रश्न केला. सात शिष्य रात्रभर जाळें टाकीत होते. त्यांत पेत्र, याकोब व योहान हे तर जन्माचे कोळी. अशा मनुष्यांस रिकाम्या मचव्यांतून उत्तर देणें किती जड जातें! विचारणारा कोण हेंही त्यांस अद्याप ठाऊक नव्हतें. कांहींतरी बोलून वेळ मारून नेतां आली असती. तरी त्यांनीं एका शब्दांत नाहीं म्हणून सांगितलें (वचन ५). मग उजवीकडे जाळें टाकण्याची आज्ञा झाली (वचन ६). हा क्रम उपदेशकांनीं वर्गास नीट दाखवावा. आज्ञा उत्तराच्या मागून आली आहे.

मासे ओढून आणिल्यावर ते मोजले, ते १५३ भरले. १ पासून १७ पर्यंतच्या अंकांची बेरीज १५३ होते, म्हणून प्राचीन मंडळीचे आचार्य ऑगस्टिन यांनीं या आंकड्यांत गूढार्थ शोधिला. बेरीज बरोबर आहे. मुलांनीं पाटीवर करून पाहावी. पण मला वाटतें, कारण याहून साधें असावें. सात जणांत वांटणी करावयाची होती. प्रत्येकीं २१ दिले म्हणजे ६ उरतात, आणि त्या सहांवरून तंटा होऊं नये म्हणूनच कोळी मोजतो. आणखी एक गोष्ट पाहावी. किनाऱ्याचें अंतर सांगतांना योहान सुमारें दोनशें हात असें लिहितो (वचन ८), माशांपुढें मात्र 'सुमारें' हा शब्द घालीत नाहीं. जें मोजलें नव्हतें तें अंदाजानें सांगितलें, जें मोजलें तें नेमकें सांगितलें.

अमेरिकेंत मौजेखातर गळ टाकणारांच्या मोठ्या पैजा होतात व ज्याचे मासे वजनांत अधिक भरतील त्यास हजारों डॉलर मिळतात. सन २०२२ च्या सप्टेंबरांत ओहायो राज्यांत ईरी सरोवरावर अशी पैज झाली. दोघां जोडीदारांचे पांच मासे लांबीच्या मानानें फार जड भरले. पंचास संशय आला. त्यानें सर्वांसमक्ष माशांचीं पोटें चिरलीं तों आंतून शिशाचे गोळे निघाले. सन २०२३ मध्यें दोघांनीं न्यायालयांत अपराध कबूल केला व त्यांस दहा दहा दिवसांचा तुरुंगवास झाला. पिशवींत दोन प्रकारचीं वजनें ठेवूं नयेत असें मोशेचें नियमशास्त्र सांगतें (अनुवाद २५:१३). या मनुष्यांनीं तीं माशाच्या पोटांत ठेविलीं, इतकाच भेद.

परंतु शिशाचा गोळा हातीं लागतो, कागदावरचा आंकडा लागत नाहीं. समुद्रांत किती मासे धरले हें प्रत्येक देश संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेस कळवितो आणि सर्वांची बेरीज रोम शहरीं होते. चीन देशांत उत्पन्न वाढलेलें दाखविणाऱ्या अधिकाऱ्यांस बढती मिळे. त्यामुळें खालपासून वरपर्यंत आंकडे फुगत गेले. सन २००१ मध्यें रेग वॉटसन व डॅनियल पॉली या शास्त्रज्ञांनीं 'नेचर' साप्ताहिकांत दाखवून दिलें कीं, हा फुगवटा वगळला तर जगांत धरल्या जाणाऱ्या समुद्री माशांचें प्रमाण सन १९९० च्या पूर्वींपासूनच घटत चाललें होतें. कागदावर तें वाढत होतें. अशा कागदावरून जाळीं आवरण्याची निकड कोणास कळावी?

पेत्रास प्रभूनें माणसें धरण्याचें काम दिलें (लूक ५:१०). तेव्हां आमच्या उपदेशक बांधवांचा वार्षिक अहवाल हाही धरलेल्या माशांचाच हिशेब आहे. त्यांत दोन्ही प्रकारचे मोह येतात. तलावावर मासळीचें वजन करून द्यावयाचें असतें तेथें थोडी बांधावरच विकून वजन कमी दाखविण्याचा मोह होतो. पैजेच्या ठिकाणीं वाढविण्याचा. आम्हांपैकीं कित्येक हे दोन्ही एकाच वहींत साधितात! उपासनेस येणारीं घरें विचारलीं तर समजा चाळीस; मंडळीची वर्गणी ठरवावयाची झाली म्हणजे त्याच गांवीं पंचवीस. हनन्याचें पाप थोडें देण्यांत नव्हतें, पैसे त्याच्याच स्वाधीन होते असें पेत्रानें स्पष्ट म्हटलें (प्रे. कृ. ५:४). भागास सर्व म्हणणें हें त्याचें पाप.

कोणी म्हणेल, दोन-चार नांवें अधिक लिहिल्यानें कोणाचें काय बिघडतें? ज्या घरानें दोन वर्षें उपासनेस येणें सोडिलें आहे, त्याचें नांव वहींत हजर म्हणून पडलें तर पाळक त्या घरीं जात नाहींत. तेथील म्हातारी आजारी पडते, मुलगी उपवर होते, आणि मंडळीपैकीं कोणी उंबरठा चढत नाहीं, कारण कागदावर तीं माणसें दर रविवारीं आपल्यांत बसलेलीं असतात. जाळें रिकामें आहे असें आपण सांगितलेंच नाहीं, तर उजवीकडे टाका असें आपणांस कोण सांगणार?

खरा आंकडा लिहिला तर पगारावर किंवा बदलीवर परिणाम होईल ही भीति पुष्कळांस असते, आणि ती अगदींच खोटी नाहीं. वरिष्ठांनींही, आंकडा घटला म्हणून रागें भरण्यापूर्वीं, त्या गांवीं एक रात्र राहून यावें. शिष्य किनाऱ्यास उतरले तेव्हां विस्तवावर मासळी व भाकर अगोदरच होती (वचन ९). मोजणी मागाहून झाली.

वर्गासाठीं काम : येत्या आठवड्यांत उपदेशकांनीं मंडळीची वही घेऊन घरोघर जावें. जीं घरें येत नाहींत त्यांच्यापुढें तसेंच लिहावें व कारण त्यांच्याच तोंडून ऐकावें. मग रविवारीं ती यादी सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचावी, म्हणजे चुकलेलें नांव शेजारीच सांगतील.

पुढील पाठ : योहान २१:१५–१९.