उपकार मानण्याचा नित्य अभ्यास

शास्त्रवाचन : लूक 17:11-19, लूक 18:9-14, अनुवाद 26:1-11

शोमरोन व गालील यांच्या सीमेवर दहा कुष्ठरोग्यांनी प्रभू येशूला दुरून हाक मारली. दहाही जण त्याच्या शब्दाप्रमाणे निघाले व दहाही वाटेतच शुद्ध झाले. परत फिरला तो मात्र एकच, आणि तोही शोमरोनी. बाकीचे नऊ जण आज्ञा मोडून गेले नव्हते. ते याजकांकडेच चालले होते. त्यांचे उणे एवढेच की, दान हाती आल्यावर ते दात्याकडे वळले नाहीत. आपलेही बहुधा असेच होते. म्हणून कृतज्ञता मनात आपोआप उमलेल अशी वाट न पाहता, परत वळण्याची सवय आपण अंगी बाणवली पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी लक्षात घेऊ.

1. दानाचा माग घ्या

‘प्रभो, सर्व गोष्टींबद्दल तुझे आभार’ असे मोघम म्हणणे सोपे असते व ते लवकर विसरलेही जाते. त्याऐवजी एकच वस्तू घ्या. दिल्लीत यमुनेच्या पूर्वेस मयूर विहार ही वसाहत आहे. त्या भागातील घरी आपण नळ उघडला असे समजा. पूर्व दिल्लीला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा भाग यमुनेचा नसून गंगेचा आहे. हरिद्वारजवळ 1854 साली सुरू झालेल्या कालव्यातून ते मुरादनगरपर्यंत येते आणि तेथून नळांवाटे शुद्धीकरण केंद्रांत पोहोचते. हिमालयात बर्फ पाडणारा देव, कालवा खोदणारे मजूर, रात्रपाळीत पंपावर जागणारा कामगार, अशा कित्येक हातांतून तो पेला आपल्या ओठांशी येतो. एवढा माग घेतला की मोघम आभारांना नाव व चेहरा लाभतो.

2. तुलनेपासून जपा

परूश्यानेही मंदिरात उभे राहून देवाचे आभारच मानले होते. परंतु ते आपण इतरांसारखे नाही याबद्दल. 13 जुलै 2023 रोजी दिल्लीत यमुनेने 208.66 मीटर ही पातळी गाठली आणि 1978 सालचा उच्चांक मोडला. नदीकाठच्या सखल जमिनीत, ज्याला तेथे खादर म्हणतात, भाजीपाला पिकवणारी कुटुंबे मयूर विहारच्या रस्त्याकडेला तंबूंत येऊन राहिली. जवळच इमारतींतील घरे कोरडी होती. अशा वेळी ‘देवा, आम्हांला वाचवलेस’ हे शब्द सहज ओठी येतात व ते खोटे नसतात. पण प्रार्थना तेथेच थांबली, तर तिच्यात परूश्याचा स्वर उमटू लागतो. ज्यांनी आपल्या ताटातली भाजी पिकवली त्यांचेच शेत बुडाले असता, केवळ आपल्या सुरक्षिततेबद्दल मानलेले आभार अपुरे आहेत.

3. टोपली घेऊन निघा

अनुवादाच्या 26 व्या अध्यायात उपकारस्तुतीची रीत दिली आहे. प्रथमफळांची टोपली आणावी, आपले पूर्वज कसे निराश्रित होते व देवाने त्यांना कसे सोडवले हे मोठ्याने सांगावे, आणि मग लेवी व उपरा यांच्यासह आनंद करावा. स्मरण, कथन व वाटप ही तिन्ही मिळून एकच उपासना होते.

पंडिता रमाबाईंनी 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील व बहीण गमावली, त्या वाचल्या. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना व स्त्रियांना आपल्यासोबत घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. ज्या संकटातून आपण वाचलो, त्याच संकटात सापडलेल्यांकडे त्या वळल्या. परत फिरणे म्हणजे हेच.

या आठवड्याचा अभ्यास

रोज सकाळी, कालच्या एका उपकाराचे नाव घेऊन देवाची स्तुती करा.

जेवणापूर्वी, ताटातील एका पदार्थासाठी राबलेल्या हातांकरिता प्रार्थना करा. लहान मुलांना तो पदार्थ निवडू द्या.

ज्याचे आभार मानायचे राहून गेले, अशा एका मनुष्याला समक्ष भेटून किंवा पत्राने ते कळवा.

रविवारी आपल्या टोपलीतील काही, गरज असलेल्या घरी पोहोचवा.

दुःखाच्या दिवसांत हे जड जाईल. परंतु पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला सर्व स्थितीत उपकार मानण्यास सांगितले (1 थेस्स. 5:18), दुःखाला सुख म्हणण्यास सांगितलेले नाही. त्या दिवशी अश्रूंसह एकच उपकार आठवला, तरी तो देवाला पुरेसा आहे.

विचारासाठी प्रश्न

1. नऊ जणांत आपण कोणत्या कारणाने सामील होतो?

2. आपल्या उपकारस्तुतीमुळे गेल्या महिन्यात कोणाचा भार हलका झाला?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, तुझे दान घेऊन पुढे निघून जाणाऱ्या आम्हांला थांबव. आम्हांला तुझ्याकडे व आमच्या शेजाऱ्याकडे परत वळव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.