एक तालुका, एक वही : संगणकाच्या स्मृतीची काटकसर

महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत. शिष्यवृत्तीच्या लाभार्थ्यांची यादी प्रत्येक तालुक्यास स्वतंत्र एक्सेल फाइलमध्ये पाठवावयाची झाल्यास ते काम हाताने करणे दुरापास्तच होय. अशा वेळी आज्ञावलीचा, म्हणजेच प्रोग्रॅमचा, आधार घेतला जातो. तथापि आरंभीच्या फाइली झरझर तयार व्हाव्यात, पुढे गती मंदावावी आणि अखेर स्मृती अपुरी पडून काम मध्येच थांबावे, असेही घडते. यादीत शेवटी असलेल्या तालुक्यांतील विद्यार्थी मग वंचित राहतात.

संगणकाची साठवण हे कार्यालयातील कपाट मानले, तर स्मृती, म्हणजे मेमरी, हे काम करावयाचे मेज होय. कपाट कितीही मोठे असले तरी मेज भरून गेल्यावर काम पुढे सरकत नाही. एक्सेलची आजची फाइल कपाटात संक्षेपित रूपात असते. मेजावर मात्र तिच्यातील प्रत्येक चौकटीला वेगळी जागा द्यावी लागते. पायथन भाषेतील ‘ओपनपायएक्सएल’ या साधनाच्या माहितीपुस्तिकेनुसार नेहमीच्या पद्धतीत फाइलच्या आकाराच्या सुमारे ५० पट स्मृती लागते. म्हणजे ५० मेगाबाइटच्या फाइलसाठी सुमारे २.५ गिगाबाइट.

यावर पहिला उपाय असा की, सर्व तालुक्यांची माहिती एकदम मागवू नये. एका तालुक्याची माहिती घ्यावी, फाइल लिहावी, जतन करून बंद करावी आणि मगच पुढील तालुका हाती घ्यावा. तयार झालेल्या वह्या आज्ञावलीतील एखाद्या सूचीत धरून ठेवल्या, तर त्यांनी व्यापलेली स्मृती मोकळी होत नाही. पुष्कळदा दोष नेमका येथेच असतो.

दुसरा उपाय मोठ्या फाइलींसाठी आहे. ओपनपायएक्सएलमध्ये ‘केवळ लेखन’ अशी पद्धत आहे. तीत ओळी क्रमाने लिहिल्या जातात. मागे वळून दुरुस्ती करता येत नाही, परंतु स्मृती अत्यल्प लागते. जावा भाषेतील ‘अपाची पीओआय’ या साधनाचा प्रवाही प्रकार सामान्यतः अखेरच्या १०० ओळीच स्मृतीत ठेवतो व आधीच्या ओळी तात्पुरत्या फाइलीत उतरवतो. काम संपताच त्या तात्पुरत्या फाइली काढून टाकल्या जातात, याची खात्री करावी.

परीक्षा सोपी आहे. सारख्याच आकाराच्या प्रथम ५ व नंतर ५० फाइली तयार करून स्मृतीचा वापर पाहावा. तो फाइलींच्या संख्येबरोबर वाढत गेला, तर काहीतरी अडकून पडले आहे; स्थिर राहिला, तर रचना योग्य आहे असे समजावे.

याखेरीज पूर्ण झालेल्या प्रत्येक तालुक्याची नोंद ठेवावी. काम खंडित झाले तरी ते तेथूनच पुढे सुरू करता येते आणि अपूर्ण यादी पूर्ण समजून पाठविली जात नाही. यादीतील अखेरच्या तालुक्यालाही त्याची फाइल मिळाली, तरच हे काम पुरे झाले असे म्हणता येईल.