आराखडा नाही, तरी धंद्याची गोष्ट लिहायची कशी?



माल विकायचा तर त्यामागची गोष्टही सांगता आली पाहिजे, हे आपण व्हिडिओत पाहिलं. आता प्रत्यक्ष लिहायला बसू या. वही उघडली की बहुतेकांचा हात इथेच थांबतो. सुरुवात कुठून करू? मध्येच अडकलो तर? शेवट काय करायचा तेच माहीत नाही, मग लिहून उपयोग काय?

ही भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे.

१. सगळी गोष्ट नको, एक प्रसंग लिहा

साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहून काढली. पुस्तकाची रचना बघा: एक रात्र, एक आठवण. प्रत्येक आठवण आपल्या पायावर उभी आहे. आपणही तेच करायचं. पूर्ण प्रवास डोक्यात घेऊन बसायचं नाही, एकच दिवस आठवायचा.

समजा, तुम्ही तळ्यात कोकम आगळ बनवता. "आमचा व्यवसाय दर्जेदार आहे" असं लिहिलंत की पुढचं वाक्य सुचतच नाही. त्याऐवजी हे बघा:

"मे अखेरीस पाऊस आला. आमसुलं वाळायची राहिली. उरलेल्या सालींना मीठ लावून आगळ केलं. शेजारच्या काकूंनी दोन बाटल्या मागून नेल्या."

झाली की सुरुवात! आणि पुढे काय झालं, हे वाचणारा स्वतःच विचारतो.

२. आराखडा नंतर काढा

असे तीन-चार प्रसंग लिहून झाले की प्रत्येकाच्या बाजूला एक-दोन शब्द लिहा: पाऊस, पहिल्या बाटल्या, पहिली ऑर्डर. हाच तुमचा आराखडा. आता क्रम लावा, जे जुळत नाही ते खुशाल काढा. काढलेलं वाया जात नाही, पुढच्या पोस्टला कामाला येतं.

३. चार प्रश्नांची चाळणी लावा

आपल्या तालुक्यातली कुडे लेणी पाहिलीत ना? सुमारे दोन हजार वर्षं जुन्या या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांचे लेख कोरलेले आहेत. त्यांत माळी आहे, श्रेष्ठी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिकही आहे. त्याचा लेख जेमतेम एका ओळीचा, पण नाव, गाव, धंदा आणि त्याने दिलेलं लेणं, सगळं त्यात आलंय. तुमची गोष्ट लिहून झाली की हेच तपासा: मी कोण? कुठली किंवा कुठला? काम काय करतो? गिऱ्हाइकाला काय देतो? यातलं एक जरी राहिलं असेल, तर तेवढंच घाला.

४. इथे मात्र आराखडा हवाच

बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल ही गोष्ट नव्हे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान आहे. तिथे यंत्रांचा खर्च, कच्चा माल, विक्रीचा अंदाज हे ठरलेल्या नमुन्यातच भरावं लागतं. मन मोकळं करायची ती जागा नाही.

आणखी एक. सुचत नाही म्हणून "आजीची शंभर वर्षांची पाककृती" असली थाप मारू नका. तळ्यासारख्या छोट्या गावात तुमची आजी सगळ्यांना माहीत असते! एकदा विश्वास गेला की बाटली कितीही चांगली असली तरी कपाटातच राहते.

गृहपाठ

आज रात्री मोबाईल बाजूला ठेवा. पंधरा मिनिटं, एक प्रसंग, खोडाखोड न करता. शुद्धलेखन उद्या बघू. हात अडलाच तर "त्यानंतर…" एवढं लिहा आणि पुढे चला. सकाळी तो प्रसंग घरातल्या एकाला मोठ्याने वाचून दाखवा. त्याने "मग?" असं विचारलं, तर तुमची गोष्ट सुरू झाली.