स्वस्त रायफलीचा खडबडीत बोल्ट : अल्बर्टातील नवागतांसाठी मार्गदर्शन

अल्बर्टा प्रांतात स्थायिक झालेल्या आणि शेजाऱ्यांच्या संगतीने दर शरद ऋतूत हरणाच्या वा एल्कच्या शिकारीस जाऊ लागलेल्या आपल्या काही मराठी कुटुंबांकडे नवागत मंडळी जे प्रश्न घेऊन येतात, त्यांत हा प्रश्न हमखास असतो : बेताच्या किमतीची नवी रायफल घेतली, पण तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत लोटून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, खरखरतो, अडतो, नेट लावल्यावाचून हलत नाही, तर तिच्यात काही दोष आहे की काय? भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंद झाली. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती बंदूक प्रथम येथेच येते आणि घरात या विषयाचा जाणता वडीलधारा असा कोणी नसतो. ती उणीव काही अंशी भरून निघावी, या हेतूने निरनिराळ्या कुटुंबांचा अनुभव येथे एकत्र केला आहे.

परवाना आणि ताबा

कॅनडात रायफल विकत घेण्यापूर्वी सुरक्षिततेचा अधिकृत अभ्यासक्रम लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेसह उत्तीर्ण होऊन बंदूक बाळगण्याचा परवाना मिळवावा लागतो. प्रौढांच्या या परवान्यास वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, प्रथमच अर्ज करणाऱ्यास किमान २८ दिवसांची प्रतीक्षा असते, आणि परवान्याची मुदत ५ वर्षांची असते. शिकारीचा प्रांतिक परवाना याहून निराळा. घरी रायफल नेहमी रिकामीच ठेवावी, आणि तिच्या चापाला कुलूप लावावे, किंवा बोल्ट काढून तो अलग ठेवावा, किंवा ती भक्कम कुलपी कपाटात ठेवावी, असा कायद्याचा दंडक आहे. काडतुसेही सहज हाती लागतील अशी ठेवता येत नाहीत. ज्या घरात मुले व पाहुणे यांचा राबता असतो, त्या घराने या तजविजीत तिळमात्र कसूर करू नये.

खरखर कशामुळे होते

उत्तम नळी, भरवशाचा चाप आणि नेमका वेध या गोष्टी आजचे कारखाने स्वस्त रायफलीतही देऊ शकतात. किंमत उतरते ती मुख्यत्वे दस्त्याच्या प्लास्टिकमुळे आणि घासून-पुसून गुळगुळीत करण्याच्या मजुरीला फाटा दिल्यामुळे. बोल्ट ज्या खाचांतून मागे-पुढे सरकतो, त्यांत यंत्राच्या पात्याचे बारीक वळ तसेच राहतात, कडांवर कूस राहते, आणि गंजापासून रक्षणासाठी चोपडलेले दाट वंगण त्यात चिकटून बसते. अशी खरखर हा रायफलीचा धोकादायक दोष नव्हे. कारखान्याने वाचवलेली मजुरी मालकाला स्वतःच्या वेळाने भरून काढावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

बोल्टची मूठ वर उचलताना जाणवणारा जडपणा मात्र वेगळा ओळखावा. बहुतेक आधुनिक रायफलींत मूठ उचलतानाच आतल्या फायरिंग पिनची, म्हणजे काडतुसाला ठोका देणाऱ्या सुईची, स्प्रिंग दाबली जाते. ज्या बोल्टला कुलपाचे काम करणारे दोन दात असतात तो सुमारे ९० अंश उचलावा लागतो, तर तीन दातांचा साधारण ६० ते ७० अंशांतच उघडतो, आणि तीच स्प्रिंग कमी फेऱ्यात दाबायची असल्याने हाताला अधिक जोर पडतो. रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करून चाप न ओढता तो पुन्हा उघडून पाहावा. या खेपेस मूठ हलकी उचलली गेली, तर तो भार स्प्रिंगचाच आहे असे समजावे.

क्रमाने तपासणी

प्रथम काडतुसे खोलीबाहेर न्यावीत, आणि नळीतील काडतुसाचे घर व मॅगझिन रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी व बोटाने, दोन्हींनी करावी. मग मॅगझिन काढून बोल्ट चालवावा; तो आता सुरळीत चालला तर अडथळा मॅगझिनचा. दस्त्यातून रायफल सोडवल्यावर चालला तर दस्त्याचे स्क्रू गैरमापाने आवळलेले असावेत. ते पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच आवळावेत. दुर्बिणीच्या बैठकीचा पुढचा स्क्रू किंचित लांब असला, तर त्याचे टोक आत येऊन बोल्टच्या दातांना घासते. बोल्टच्या अंगावर काळ्या मार्करने रेघा ओढून तो दहा-वीस वेळा चालवला की जेथे शाई पुसली जाते, तेथेच घर्षण आहे हे उघड दिसते.

त्यानंतर सर्व जुने वंगण द्रावकाने धुऊन काढावे, खाचांत पातळ तेलाचा पुसट हात फिरवावा, दातांच्या मागील बाजूस ग्रीजचा ठिपका लावावा, आणि निर्जीव सरावी काडतुसे घालून बोल्ट शेकडो वेळा चालवावा. नव्या जात्याचे पहिले पीठ टाकून द्यावे लागते, तसे या घर्षणातून निघालेले धातूचे काळे कीट मधूनमधून पुसून टाकणे अवश्य आहे. मुठीवर आडवा दाब न देता ती सरळ मागे ओढावी व सरळ, पूर्ण पुढे लोटावी. आडव्या दाबाने बोल्ट तिरका होतो, आणि अर्धवट ओढीने तो अडतो. हिवाळ्यात उणे वीस अंशांखाली दाट तेल गोठते व फायरिंग पिन मंदावते, म्हणून शिकारीपूर्वी ते पुसून कोरडे किंवा अत्यंत पातळ वंगण वापरावे.

जे कदापि करू नये

कुलपाचे दात, त्यांची बैठक, काडतुसाचे घर आणि चापाचे आतील भाग यांना कानस वा पॉलिश कागद लावू नये. तेथे बारीकशी झीज झाली, तरी काडतूस आणि बोल्ट यांमधील अंतर बदलते, आणि स्फोटाचा दाब धरून ठेवणारे कुलूपच अविश्वसनीय होते. ते काम प्रशिक्षित बंदूक-कारागिराचे. हमीच्या मुदतीतील रायफल तर हमीपत्रासह कारखान्याकडेच पाठवावी.

आणखी एक ताकीद. रिकामा असताना सुरळीत चालणारा बोल्ट गोळी झाडल्यावर घट्ट बसत असेल, काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या बुडावर चकचकीत अर्धगोल ओरखडा उमटत असेल, किंवा तिच्या बुडातील प्रायमरची, म्हणजे ठोका बसणारी, टोपी चपटी होत असेल, तर तेथल्या तेथे थांबावे. मुठीवर हातोडा मारू नये, दुसरी गोळी झाडू नये. काडतुसाचे घाणेरडे घर, चुकीचे काडतूस किंवा मर्यादेबाहेरचा दाब, यांपैकी काहीतरी घडत असल्याची ती खूण असते, आणि तिचा निकाल जाणत्या कारागिराकडूनच लावून घ्यावा.

नवागत बांधवांना आमचे आग्रहाचे सांगणे एवढेच : खरखर धीराने घालवा, अडकणे गंभीर माना, आणि जिचा उलगडा स्वतःस होत नाही त्या रायफलीत काडतूस घालू नका.