सांठवण आणि आगगाडी

आमच्या शाळेंतील कित्येक विद्यार्थी हल्लीं संगणकावर 'फॅक्टोरिओ' नांवाचा कारखाने उभारण्याचा खेळ खेळतात. त्यांत जमिनींतून तेल काढावयाचें, आगगाडीच्या टांकी-डब्यांत भरावयाचें व दूरच्या कारखान्यास पोंचवावयाचें असतें. गाडी खोळंबली कीं खेळाडू आणखी एक टांकी बांधतो. घटकाभर काम सुरळीत चालतें आणि पुन्हां खोळंबा होतो. असें कां व्हावें, हें आपण एका खऱ्या गाडीच्या उदाहरणावरून पाहूं.

सन २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें व लातूर शहर पाण्यावांचून तळमळूं लागलें. पाणी भरण्याच्या जागीं तंटे होऊं नयेत म्हणून मार्च महिन्यांत तेथें जमावबंदी पुकारावी लागली. तेव्हां सुमारें ३४० किलोमीटर दूर असलेल्या मिरजेहून कृष्णेचें पाणी आगगाडीनें आणण्याचें ठरलें. त्यासाठीं राजस्थानांतील कोटा येथें टांकी-डबे वाफेनें स्वच्छ करण्यांत आले. ता. ११ एप्रिल रोजीं १० डब्यांची पहिली गाडी मिरजेहून निघाली व दुसऱ्या दिवशीं पहांटे लातुरास पोंचली. प्रत्येक डब्यांत सुमारें ५०,००० लिटर, म्हणजे एकूण ५ लक्ष लिटर पाणी होतें. पुढें ५० डब्यांची गाडी धावूं लागली. ही गाडी 'जलदूत' या नांवानें प्रसिद्ध झाली.

आतां मुख्य मुद्दा. नळाचें पाणी धारेनें येतें. गाडीचें पाणी खेपेनें येतें. या दोहोंचा मेळ घालणें हें टांकीचें काम होय. समजा, गाडी भरावयाच्या ठिकाणीं नळानें ताशीं १ लक्ष लिटर पाणी येतें. ५० डब्यांची गाडी उभी करून थेट त्या नळाखालीं भरूं लागलों, तर २५ तास मोडतील. परंतु गाडी प्रवासांत असतांनाच २५ लक्ष लिटर पाणी टांकींत सांठवून ठेविलें, तर अनेक मोठ्या नळांनीं ती थोड्या वेळांत भरून निघेल.

दुसऱ्या टोंकासही हीच गोष्ट. उतरवून घेण्यास टांकी नसेल, तर १०,००० लिटरच्या टँकरांना गाडी रिकामी करण्यास २५० खेपा लागतील. एकाच जागीं, दर टँकरास ५ मिनिटें धरलीं, तरी जवळजवळ २१ तास होतात. तोंवर रिकामे डबे परत जाणार नाहींत, आणि भरलेली टांकी तिकडे गाडीची वाट पाहत राहील. म्हणून दोन्ही टोंकांस निदान एका खेपेइतकी टांकी हवी. गाडीस उशीर होण्याचा संभव असल्यास त्याहून कांहींशी अधिक.

पण टांकीची मर्यादाही ओळखली पाहिजे. सन २०११ च्या शिरगणतींत लातुराची लोकसंख्या ३ लक्ष ८२ हजारांच्या घरांत होती. त्या हिशेबानें २५ लक्ष लिटरांची एक गाडी म्हणजे माणशीं अवघें साडेसहा लिटर पाणी! पावसाळा येऊन ऑगस्टमध्यें गाडी थांबली, तोंपर्यंत १११ खेपांत सुमारें २६ कोटी लिटर पाणी पोंचलें. त्यानें कठीण काळ निभावला, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि लातुरांत कितीही टांक्या बांधल्या असत्या, तरी त्या पाण्यांत एका थेंबाची भर पडली नसती. आडांतच नाहीं, तर पोहऱ्यांत कोठून येणार?

खेळांतील खोळंब्याचें कारणही हेंच. येणें आणि जाणें यांचें मान जुळत नसेल, तर नवी टांकी खोळंबा केवळ पुढें ढकलते.

आपल्या भिवंडींतील घरींही हा हिशेब करून पाहावा. समजा, एका घरीं रोज ४०० लिटर पाणी लागतें व नळ एक दिवसाआड येतो. तर ८०० लिटरांची सांठवण पुरे. पण दर पाळीस ६०० लिटरच पाणी येत असेल, तर १,००० लिटरांचें पिंप आणून काय उपयोग? तेथें रोजचा खर्च ३०० लिटरांवर आणला पाहिजे. विद्यार्थ्यांनीं आईवडिलांसह बसून आपल्या घरचे आंकडे मांडावे, आणि मगच नवें पिंप घ्यावें कीं नाहीं तें ठरवावें.