पालकपण शिकता येते



आई-वडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. माया उपजत असते. पद्धत मात्र शिकावी लागते.

२०२२ साली राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान झाले. गावोगावी माता गट तयार झाले. पहिलीत जाणाऱ्या लेकराकडून घरच्याच वस्तू मोजून घेणे, त्याला गोष्ट सांगणे, हे आया एकत्र बसून शिकल्या.

परंतु मराठवाड्यात आई-वडील ऊसतोडीला गेले की पुष्कळदा लेकरू आजीपाशी राहते. म्हणून अशा गटात आजीलाही जागा हवी, वडिलांनाही. लिहिता-वाचता येत नसले तरी गोष्ट सांगता येते, लेकराचे ऐकता येते.

आम्हांस वाटते, शेजारच्या चार घरांनी आठवड्यातून एक तास यासाठी एकत्र बसावे. एवढे आपण उमरीत नक्की करू या.